टिळा लावलेली पाकिटं

आज सकाळी पिवळ्या चिकट कार्डावर पहिली माशी दिसली.

माशी म्हणण्याइतकीही ती मोठी नसते. तिळाला पाय फुटावेत एवढी, काळी, किडकिडीत. घरात दिसली तर कुणी तिच्यावर हातही उचलणार नाही. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, कार्डाच्या कोपऱ्यात तारीख टाकली आणि बाहेर येऊन सेल्वीला म्हटलं, "आली."

सेल्वी शेडच्या बाहेर, पत्र्याखाली, चटईवर बसून अळिंबीचे देठ कापत होती. "येणारच," ती म्हणाली. मग थांबली. श्वास घेतला. "ऐप्पसी महिना लागला ना, अक्का." पुन्हा थांबली आणि पुढचा देठ उचलला.

सेल्वी आता शेडच्या आत येत नाही. येऊ शकत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या याच दिवसांत तिचा अर्धा श्वास गेला, तो माझ्या शेडमध्ये. तो कसा गेला हे तिला माहीत आहे असं तिला वाटतं. तिला जे माहीत आहे ते खरं नाही. खरं मला माहीत आहे आणि ते मी तिला दोन वर्षांत सांगितलेलं नाही. माशी आली की ते सगळं पुन्हा वर येतं, म्हणून आज लिहून टाकते आहे.

इथला पाऊस उलट्या दिशेचा. सांगलीकडे माझ्या बहिणी छत्र्या वाळवून माळ्यावर टाकतात, तेव्हा चेन्नईत ढग समुद्रावरून चालत येतात. आयुधपूजेपासून कार्तिकातल्या दिव्यांपर्यंत इथे काहीच वाळत नाही. टॉवेल आंबतो, काडेपेटी मऊ पडते, भिंतीला मीठ फुटतं. माणसं कुरकुरतात. अळिंबीला मात्र हे दिवस मानवतात. माशीलाही.

आम्ही दुधी अळिंबी लावतो. नवरा संरक्षण खात्याच्या कारखान्यात, राहायला आवडी नावाच्या उपनगरातलं सरकारी क्वार्टर. बावीस वर्षं झाली. मुलगी शिकायला बाहेर पडली तेव्हा मी वस्तीच्या पलीकडे कावेरीबाईंच्या जागेत तीन शेड उभ्या केल्या. भाताचा पेंढा कापायचा, भिजवायचा, वाफवायचा, पिशवीत थराथराने भरायचा, मध्ये बियाणं पेरायचं आणि पिशव्या अंधारात ठेवून द्यायच्या. तीन आठवड्यांत आतला पेंढा पांढरा पडतो. दह्याची कवडी धरावी तसा. मग पिशवी मधोमध कापून वर मातीचा थर द्यायचा. आठवड्या-दहा दिवसांत मातीतून पांढरी डोकी वर येतात. यात काव्य काही नाही. कुजण्याचं काम आपल्याला हव्या त्या बुरशीकडून करून घ्यायचं आणि नको त्या कुणाला शिरू द्यायचं नाही, एवढाच हा धंदा. दिवसभर राखण करायची.

माशी मातीच्या वासावर येते. मातीत अंडी घालते. अंड्यातून काळ्या डोक्याची पांढरी अळी निघते आणि ती आधी पेंढ्यातले पांढरे धागे खाते, मग वर चढून देठात शिरते. देठ आडवा कापला की आत तपकिरी बोगदे दिसतात. बाहेरून अळिंबी सुंदर दिसत असते. लग्नाच्या जेवणाचा आचारी एकच देठ कापतो आणि अख्खी टोपली परत पाठवतो.

सुरुवातीची चार वर्षं आम्ही औषध मारत होतो. पाठीवरचा पंप, नळी, बंद खोली. मारायची सेल्वी. सेल्वीच का, तर ती अंगाने बारीक, पिशव्यांच्या दोन रांगांमधून तिला जाता यायचं. नाकावर साडीचा पदर. मी एकदा मास्क आणून दिला होता. त्यात गुदमरतं म्हणाली आणि खुंटीला टांगला. मी पुन्हा विचारलं नाही. औषध मारून बाहेर यायची ती लाल डोळ्यांनी, पण खुशीत. "एकही उरली नाही अक्का, झाडून काढा." आणि आम्ही दोघी खाली पडलेल्या माश्या झाडून काढायचो. औषध काम करत होतं. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी शेड शांत असायची. कानाजवळ काही गुणगुणायचं नाही. त्या शांततेची सवय लागते.

पुढे औषध जास्त लागायला लागलं आणि सेल्वी खोकायला लागली. आधी पहाटे, मग जिन्यावर, मग बोलता बोलता. तिला मीच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता. त्याने नळी लावून पाठ तपासली, काम काय करतेस ते विचारलं. मग माझ्याकडे वळला.

"फवारणी तुम्ही करता की ही करते?"

"ही."

"म्हणजे पीक तुमचं आणि फुप्फुसं हिची." त्याने कागदावर लिहायला सुरुवात केली. "बंद खोलीत हे पुन्हा एकदा हुंगलं तर मी काही करू शकेन असं नाही. आत्ता थांबलात तर बरी होईल."

परत येताना रिक्षात मी सेल्वीला म्हटलं, "ते औषध आता शेडमध्ये येणार नाही."

"मग माश्या?"

"ते मी बघते."

"अक्का, मला काढून टाकणार असाल तर आत्ता सांगा." आमचं बोलणं तमिळमध्ये चालतं, माझी तमिळ ओबडधोबड आहे, पण हे वाक्य मला नीट कळलं.

"काढत नाही. औषध काढते."

तो शब्द मी स्वतःहून दिला होता. कुणी मागितला नव्हता.

मग मी वाचायला बसले. माशीला माशीचाच शत्रू लावायचा, ही कल्पना जुनी आहे. डोळ्यांना न दिसणारे, दोऱ्यासारखे जंत असतात. ते ओल्या मातीत माशीची अळी हुडकतात, तिच्या तोंडातून नाहीतर दुसऱ्या कुठल्या वाटेने आत शिरतात आणि आत गेल्यावर पोटातले जिवाणू सोडतात. एक-दोन दिवसांत अळीचा आतून लगदा होतो. त्या लगद्यात जंत पिल्लं घालतात आणि हजारोंनी बाहेर पडून पुढची अळी शोधायला निघतात. जैविक म्हणजे सौम्य असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं. मी मुलीच्या शाळकरी वयातल्या, खेळण्यातल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि त्या दिवशी शेवया खाल्ल्या नाहीत. माशीच्या बाजूने विचार केला तर औषधाचा मृत्यू बरा, झटकन संपतो. या जंतांचा गुण एवढाच, की ते सेल्वीच्या छातीत शिरत नाहीत. मला तेवढा पुरेसा होता.

"जैविक" शब्दाला मी तेव्हाही हात जोडत नव्हते. खत-औषधांच्या दुकानदाराने मला हिरव्या बुरशीची भुकटी पुढे केली होती. "जैविक आहे मॅडम, बिनधास्त घाला. भुईमूगवाले ढिगाने नेतात." भुईमुगाची मुळं राखणारी ती हिरवी बुरशी माझ्या शेडमधली सर्वांत मोठी चोर. एका पिशवीत शिरली की आठवड्यात रांग हिरवी करते. मी त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, "पण केमिकल नाहीये मॅडम." साप पण केमिकल नाही, असं म्हणून मी निघाले.

जंतांची पेटी दूरच्या एका प्रयोगशाळेतून आली. थर्माकोलची, आत बर्फाच्या थैल्या, त्यांच्यामध्ये आठ पाकिटं. पाकिटात ओलसर राखाडी माती, तिला पाटी पुसल्यासारखा वास. पाकिटावर लिहिलं होतं, थंड ठेवा. मी प्रयोगशाळेत फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, "शेडच्या मातीत गेले की तुमच्या उकाड्यात तग धरतात. पण बंद पाकिटात उष्णता चढली तर गुदमरतात. जिवंत माल आहे, ताई. दुधासारखा सांभाळा." त्यासाठी मी जुना लहान फ्रिज आणून अवजारांच्या खोलीत ठेवला.

सेल्वीने पाकीट हातात घेऊन कानाला लावलं. "आत पुळू आहेत? जिवंत किडे?"

"आहेत. लाखांनी."

"किड्याला मारायला किडा. आणि किड्याला फ्रिज." ती हसली. तेव्हा तिला एका दमात हसता यायचं. "माझ्या घरी नाही फ्रिज."

नवऱ्याने रात्री जेवताना ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आम्ही शत्रूसाठी पोलाद ओततो आणि तू जंत पाळतेस. सरकारला कळव, स्वस्तात पडेल."

पेटी आली त्याच्या दोन दिवसांनी आयुधपूजा होती.

आयुधपूजा इथे मनावर घेतात. ज्याचं पोट ज्यावर चालतं त्याने ते धुऊन पुसून देवापुढे मांडायचं. रिक्षावाला रिक्षा धुतो, शिंपी यंत्राला हार घालतो, बँकेतसुद्धा संगणकाला चंदनाचा टिळा लागतो. मांडलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही. त्याने विश्रांती घ्यायची. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पुन्हा दिवा दाखवून मगच उचलायचं. मला ही रीत आवडते. आपल्याकडे दसऱ्याला शस्त्रं पुजतात, पण माझ्या माहेरी एक गंजलेला अडकित्ता आणि एक कोयता यापलीकडे काही निघायचं नाही. इथे पाना आणि स्क्रूड्रायव्हरसुद्धा मान मिळवतात.

पूजेला जागेच्या मालकीणबाई येतात, कावेरीबाई. तंजावरच्या मराठी, राहणार चेन्नईतल्याच तिरुवल्लिकेणीत, जुन्या घरात. वरच्या मजल्यांवर बिनलग्नाच्या पोरांच्या खोल्या, खाली यांच्या दोन. ऐंशीच्या आसपास वय, पण बस बदलत, ट्रेन पकडत, फुलांची पिशवी सांभाळत एकट्या येतात. त्यांची मराठी ऐकली की जुन्या मोडी पत्राला कुणीतरी तमिळ चाल लावली आहे असं वाटतं. बाई असून "मी सांगितलों" म्हणतात. आधी मला हसू यायचं. आता यांच्यापुढे माझीच मराठी कालची वाटते.

सेल्वी त्या दिवशी नव्हती. तिचा नवरा गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात लेथवर आहे. तिथे पूजेला बायकामुलांना बोलावतात, जेवण असतं, म्हणून ती तिकडे गेली होती. अवजारांच्या पत्र्याच्या खोलीत मी आणि कावेरीबाई दोघीच. मी चौरंगावर पंप ठेवला, कात्र्या, काटा, थर्मामीटर, पेंढा कापायचा कोयता. कावेरीबाई चंदन उगाळत होत्या.

"अस्की हत्यारं आली कां गो? कांहीं मागें ठेवूं नको. राहिलेलं रुसतें."

"आली सगळी."

"आणि तें माश्या मारायचें नवें? फोनवर बोललीस तें?"

"ते फ्रिजमध्ये आहे."

"फ्रिजांत कशाला? सामीनें बघायला नको?"

मी हसले. आता प्रामाणिकपणे लिहिते, मला आग्रह फारसा करावा लागला नाही. त्या पाकिटांचा मला अभिमान वाटत होता. औषध बंद करून दाखवलं, शब्द पाळला, नवी वाट काढली, हे सगळं त्या पाकिटांत होतं आणि ते मला चौरंगावर दिसायला हवं होतं. चार वर्षं ज्या पंपाला टिळा लावला तो यंदा मागे आणि पाकिटं पुढे, असं मीच मांडलं. पितळी ताटात सहा मावली. दोन फ्रिजमध्येच राहिली. कावेरीबाईंनी प्रत्येकाला चंदनाचं बोट लावलं, वर कुंकू. दोन्ही बाजूंना समया. कोहळा फोडला, चुरमुरे आणि चण्यांच्या सुंडलाचा प्रसाद घेतला. दार लोटून आम्ही घरी गेलो. कावेरीबाई ट्रेनमध्ये चढताना म्हणाल्या, "बेस झालं."

ऐप्पसीचा पाऊस सुरू व्हायच्या आधी एक दोन दिवस हवा थांबते. त्या दिवशी तशी थांबली होती. पत्र्याची बंद खोली, आत तेवत्या समया, समयांच्या मध्ये ताट. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आरती करून पाकिटं परत फ्रिजमध्ये ठेवली. हाताला ती कोमट लागली होती. लागली होती, हे मला आठवतं. फ्रिजमध्ये ठेवल्यावर तासाभरात गार झाली आणि मी तो विषय डोक्यातून काढून टाकला. गार केलं म्हणून मेलेलं उठत नाही, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का?

हत्यार विश्रांती घेतं, कारण त्याला जीव नसतो. लोखंडाला एक दिवस समईशेजारी ठेवलं तर त्याचं काही जात नाही. आमची चूक एवढीच, की जिवंत वस्तूला आम्ही हत्यारांच्या रांगेत बसवलं. पूजेच्या आदल्या दिवशी मीच सेल्वीला दहा वेळा बजावलं होतं, हे जिवंत आहेत, जपून. आणि पूजेला मात्र माझ्या डोक्यात ते "आयुध" झाले.

तिसऱ्या दिवशी सेल्वी आली. टिळा लावलेली पाकिटं पाहून तिने ती डोळ्यांना लावली. "सामीपुढे बसून आलेत. आता काय बिशाद माश्यांची!" आम्ही त्यातलीच पाकिटं आधी फोडली, मंगल म्हणून. झारीत पाणी, पाण्यात ती राखाडी माती, आणि सेल्वी एकेका पिशवीवर पाऊस पाडल्यासारखं शिंपत गेली. पंप नाही, वास नाही, पदर नाकावर नाही. शिंपताना ती गुणगुणत होती. तिला गाताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यानंतर ऐकायचा प्रश्नच आला नाही.

मग पाऊस लागला आणि माश्या आल्या. कार्डावर आधी दहा-वीस, मग मोजता येईनात. मी म्हटलं, जंतांना वेळ लागतो. दहा दिवसांनी दुसरा हात दिला, तीही टिळ्याचीच पाकिटं. कार्डं काळी झाली. मातीतून वर येणारी डोकी तपकिरी पडून बसू लागली. पहिल्या शेडमध्ये हात घातला की पिशवीतला पांढरा पेंढा भुसा होऊन हाताला लागायचा. ऐप्पसीत इकडे लग्नं असतात, आणि एका मोठ्या लग्नाची अळिंबी मी कबूल करून बसले होते. तिसरी शेड तेवढी शिल्लक होती. तिच्याही दारात माश्या घोंघावत होत्या.

माणूस अशा वेळी कारण शोधतो आणि जे जवळ उभं असेल त्याला धरतो. सेल्वी झारी धूत होती.

"पाणी कुठलं घेतलंस?"

"टाकीचं, अक्का."

"वरच्या काळ्या टाकीचं?"

"सकाळी घेतलं. गार होतं."

"आणि दुसऱ्या शेडला? ती दुपारी केलीस ना?"

ती आठवू लागली. "तेव्हा ढग होते बहुतेक."

"बहुतेक! काळ्या टाकीत दुपारी पाणी किती तापतं माहीत नाही तुला? चहा होईल त्यात. जिवंत किडे उकडलेस तू, सेल्वी."

"अय्यो." तिने दोन्ही हातांनी आपल्याच गालांवर मारून घेतलं. देवाची क्षमा मागताना मारतात तसं. "किती मेले असतील, अक्का?"

"मोजत बसू का आता?"

हे मी बोलले. जसंच्या तसं आठवतं आहे, म्हणून लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती घरून एक मातीचा मटका घेऊन आली आणि झाडाखाली ठेवून त्यात हातपंपाचं पाणी भरलं. जंतांचं शिंपण थांबलं होतं, मी उरलेली पाकिटं वापरायची नाहीत असं ठरवलं होतं, तरी ती रोज मटका भरत राहिली.

त्या आठवड्यात मी औषधाची बाटली आणली. तिसरी शेड वाचवायची तर दुसरा मार्ग मला दिसला नाही. अजूनही वाटतं, त्या दिवशी दुसरा मार्ग नव्हता. पण तो मार्ग उघड्या डोळ्यांनी धरायचा होता. मी सेल्वीला फोन करून सांगितलं, "तीन दिवस येऊ नकोस."

"का, अक्का?"

"काम नाही. ये म्हटलं की ये."

का ते सांगितलं नाही. शब्द दिला होता ना. शब्द मोडला हे तिला कळू नये, म्हणून तिला घरी बसवलं. आणि तिला वाटलं, पाण्यामुळे आपल्याला काढलं.

खुंटीवरचा मास्क मी लावला, पंप पाठीवर घेतला आणि तिसरी शेड स्वतः मारली. रांगांमधून मला जाता येईना, अंग घासून पिशव्या फाटत होत्या. बाहेर येऊन दार लावलं, मागची हवेची झडप बंद केली. एक दिवस बंद ठेवून दुसऱ्या दिवशी दहाला उघडायची होती. दारावर पाटी लावली नाही. तिथे आम्हा दोघींशिवाय येतं कोण? आणि एकीला मी येऊ नको म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नऊला पोचले. शेडचं दार उघडं होतं. सेल्वी पायरीवर बसली होती, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, तोंड उघडं, ओठ जांभळट. शेजारी झाडू आणि बादली. तिच्या छातीतून दार करकरावं तसा आवाज येत होता. माझ्याकडे पाहून तिला काहीतरी सांगायचं होतं आणि त्यासाठी हवा पुरत नव्हती.

काय सांगायचं होतं ते मला आठ दिवसांनी कळलं, दवाखान्यात, नाकावरची नळी निघाल्यावर. ती पहिल्या बसने आली होती, मी यायच्या आधी शेड धुऊन काढायला. तिच्या हातून बिघडलं ते तिने निस्तरायचं ठरवलं होतं. तिसऱ्या शेडचं दार उघडल्याबरोबर तिला वास आला होता. चार वर्षं ज्याने तो पाठीवर वाहिला त्याला तो ओळखू येणारच.

"मग आत कशाला गेलीस?" मी विचारलं.

"वाटलं, माझ्यामुळे तुम्हाला मारावं लागलं." श्वास. "झडप तेवढी उघडून येते. तुम्ही आल्यावर..." श्वास. "तुम्हाला त्रास नको."

झडप शेडच्या पार मागच्या टोकाला आहे. तिने ती उघडली होती. मी बघून आले.

त्या तरुण डॉक्टरने या वेळी नुसता कागद माझ्या हातात दिला. काही बोलला असता तर बरं झालं असतं.

ती दवाखान्यात असतानाच मी फ्रिज साफ केला. आत तीन पाकिटं उरली होती. दोन कोरी, एकाला चंदन-कुंकवाचा टिळा. मी टिळ्याचं पाकीट फेकायला उचललं आणि थांबले. मुलीचं ते सूक्ष्मदर्शक काढलं. दोन्हीतली चिमूटभर माती पाण्यात कालवून काचेवर एकेक थेंब टाकला. कोऱ्या पाकिटातले जंत वळवळत होते, आकड्यासारखे वाकत होते. टिळ्याच्या पाकिटातले सरळ पडले होते, सुतळीचे तुकडे टाकावेत तसे. मी काच पुन्हा पुन्हा सरकवली. एकही वाकला नाही.

काळ्या टाकीचा काही संबंध नव्हता. सेल्वीने शिंपले ते आधीच मेलेले होते. मी मारलेले.

त्यानंतर दोन वर्षं गेली. औषध बंद आहे, खरोखर बंद. दारं-खिडक्यांना बारीक जाळी आहे, माती वाफवून घेतो, कार्डं लावतो, जंत फ्रिजमधून थेट झारीत जातात आणि ते काम करतात. परिपूर्ण नाही. काही पिशव्या दरवर्षी जातात, त्या मी जाऊ देते. यंदा आयुधपूजेला कावेरीबाईंनी पुन्हा विचारलं, "तुझे जंत कुठें?" मी म्हटलं, त्यांना पूजा नको. "नको तर नको," त्या म्हणाल्या आणि काट्याला टिळा लावला. त्यांनाही मी काही सांगितलेलं नाही. ऐंशीच्या बाईच्या माथी ते कशाला मारायचं? आणि बोट त्यांचं असलं तरी ताट माझं होतं.

सेल्वी बाहेर बसून देठ कापते, टोपल्या भरते, नव्या बायकांना शिकवते. चार पायऱ्या चढली की बसावं लागतं. तिच्यासाठी मी चटईऐवजी खुर्ची आणली तर म्हणाली, खुर्चीवर बसून काम केल्यासारखं वाटत नाही.

इथवर लिहून मी उठले, पुढचं त्यानंतर घडलं. आज मल्लिका नावाची नवी बाई आली आहे. माशी दिसली होती म्हणून मी पाकीट काढलं, ते मल्लिकाच्या हातात दिलं आणि ती झारी घेऊन टाकीच्या नळाकडे निघाली.

"टाकीचं नको," सेल्वी चटईवरून म्हणाली. "मटक्यातलं घे."

"का हो?"

"दोन वर्षांमागे... मी टाकीचं घातलं. पुळू सगळे मेले." श्वास. "माझ्यामुळे अक्काला... औषध मारावं लागलं. शेड गेली." श्वास. "तू मटक्यातलंच घे."

तक्रारीचा सूर नव्हता. रेसिपी सांगावी तसं. दोन वर्षांत आलेल्या प्रत्येक नव्या बाईला तिने हे असंच सांगितलं आहे आणि दर वेळी मी जवळपास उभी राहून काहीतरी मोजत होते. आजही हातात कार्ड होतं. त्या कार्डावर एकच माशी, मोजण्यासारखं काही नव्हतं.

मी म्हटलं, "सेल्वी, पाण्याने मेले नव्हते ते."

तिने सुरी थांबवली.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. ताट, समया, पत्र्याची खोली, कोमट पाकिटं, काचेवरचे दोन थेंब. किती दिवसांपासून माहीत आहे तेही सांगितलं. फार तर पाच मिनिटं लागली असतील. दोन वर्षं जे जमलं नाही ते एवढंसं होतं. मल्लिका झारी घेऊन मध्येच उभी होती, तिला कळेना पाणी कुठलं भरायचं.

सेल्वी हातातल्या देठाकडे पाहत राहिली. तो चांगला होता, पांढरा, आत एकही बोगदा नाही. तिने तो टोपलीत ठेवला, सुरी चटईवर ठेवली, हात पदराला पुसले. रागावेल असं मला वाटलं होतं. रडेल असंही वाटलं होतं. दोन्हीची तयारी मी करून आले होते.

तिने नुसतं विचारलं, आणि एवढ्याशा प्रश्नात ती दोनदा थांबली.

"मग मी... आत... कशाला गेले, अक्का?"